कवीच्या हातातले कागद

पहिल्या संग्रहासाठी कविता निवडायला बसले तेव्हा कळलं की संग्रह किती लांब असावा हे कवीच्या हातात थोडंच असतं. ते ठरतं फॉर्मवरून, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडलेल्या पानांच्या संचावरून. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात, एक फॉर्म १६ पानांचा. पाच फॉर्म म्हणजे ८० पानं, सहा म्हणजे ९६. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका आणि मनोगत यांत आठ-दहा पानं सहज जातात. काही कविता दोन पानांवर सांडतात. तेव्हा ९६ पानांत ६५ ते ७० कविता बसतात, ८० पानांत ५५ ते ६०. सहा फॉर्म भरून दोन कविता उरल्या तर त्या काढाव्यात. त्यांच्यासाठी सातवा फॉर्म उघडू नये. आणि ८० पानांच्या खाली गेलं की पुस्तकाचा कणा इतका बारीक होतो की त्यावर नाव नीट छापता येत नाही. कपाटात उभं लावलेलं ते पुस्तक मग कुणाचं आहे हेच दिसत नाही.

निवड करण्याआधी जितक्या कविता मासिकांत, दिवाळी अंकांत छापून येतील तितक्या येऊ द्याव्यात. नागपुरात विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आहे, बाहेरची मासिकं आहेत. एक कविता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची, तारीख वहीत लिहून ठेवायची. यातून मानधन फारसं येत नाही, पण छापील अंकावरची तारीख पुढे फार कामाला येते. कविता कुणाची आणि कधीची, याला तिच्याइतका साधा पुरावा दुसरा नाही.

आता टंकलेखन. इथे नव्या कवीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगते. कविता आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो. नागपूरच्या बर्डी-महालातल्या बऱ्याच छापखान्यांत मांडणी मात्र अजून जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये चालते. युनिकोडमधून तिकडे मजकूर नेताना काही अक्षरं मोडतात: रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’, अवतरणचिन्हं. गद्यात एखादं अक्षर बिघडलं तर वाचक अंदाजानं दुरुस्त करून घेतो. कवितेत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर डोंगरातली ओळ समुद्रात जाते, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे कुठलीही तपासणी ती चूक पकडत नाही. वाचक म्हणतो, कवयित्रीला असंच म्हणायचं असेल. याशिवाय ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम सोडलेली जागा उडते आणि दोन कडव्यांमधली मोकळी ओळ कधी गायब होते, कधी दुप्पट होते.

उपाय सोपा आहे पण चिकाटीचा. मजकुराच्या फाइलसोबत कविता पानावर जशी दिसायला हवी तशी पीडीएफ द्यायची. कडवं जिथे संपतं तिथे मजकुरात एखादी खूण टाकायची, म्हणजे मांडणी करणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तीन वाचायची. पहिलं फक्त अक्षरांसाठी. दुसरं ओळी आणि पानतुटीसाठी. चार ओळींच्या कडव्यातल्या तीन ओळी उजव्या पानावर आणि चौथी पान उलटल्यावर, असं झालं की कविता तिथेच मरते. तिसरं मुद्रित कागदावर, खऱ्या आकारात कापून, आणि आपण सोडून दुसऱ्या कुणाकडून. डेमी पानावर मजकुराची रुंदी साधारण चार इंच मिळते. त्यापेक्षा लांब ओळ खाली दुमडतेच. ती दुमडलेली ओळ आत सरकवून घ्यायला सांगायचं, नाहीतर ती नवी ओळ वाटते आणि लय चुकते.

कागद ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा), नॅचरल शेड. पांढऱ्याशुभ्र कागदावर कविता डोळ्याला टोचते, आणि पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. कवितेच्या पानावर मोकळी जागा जास्त असल्यामुळे ते फारच खुपतं. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. बांधणीला मात्र नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्यावाच लागतो. नुसत्या गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या गठ्ठ्यातला तो गोंद सैल होतो आणि उघडलं की मधली पानं हातात येतात. फॉर्म शिवून मग कव्हर चढवायला सांगावं. प्रतीमागे थोडेच रुपये वाढतात. पावसाळ्यात गठ्ठे जमिनीवर ठेवायचे नाहीत, पाटावर ठेवायचे. ओल लागली की कडा लाटांसारख्या होतात आणि त्या प्रती विकता येत नाहीत.

खर्चाचा प्रश्न सगळ्यांना आधी पडतो. मराठीत पहिल्या कवितासंग्रहाचा खर्च बहुतेक वेळा कवीच करतो, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. पैसे देताना चार गोष्टी कागदावर हव्यात: किती प्रती छापल्या, त्यांतल्या आपल्या किती, मांडणीची अंतिम फाइल कुणाकडे राहणार, आणि दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कुणाचा. चौथी गोष्ट कुणी विचारत नाही आणि पुढे तीच नडते. प्रती किती काढायच्या? ३०० च्या आत असतील तर डिजिटल छपाई परवडते, ५०० च्या पुढे ऑफसेट. मित्रांच्या उत्साहावर भरवसा ठेवून १००० काढू नयेत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. हस्तलिखित तज्ज्ञांकडे जातं, वेळ लागतो. निकाल येईपर्यंत पुस्तक छापायला घ्यायचं नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. प्रकाशक आपणच असू तर हे काम आपलंच. श्रेयपानावरची प्रकाशन तारीखही विचार करून टाकावी, कारण राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षातल्या पहिल्या आवृत्तीला असतात. तारीख डिसेंबरची आणि पुस्तक बांधून हातात फेब्रुवारीत, असं झालं की प्रवेशिकेची धावपळ होते. पहिल्या कवितासंग्रहासाठी तिथे बहिणाबाई चौधरींच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार वयाच्या ३५ वर्षांपर्यंत मिळतो.

हिशेब एकदा मन घट्ट करून मांडावा. छापील किंमत १५० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की ९० उरतात, त्यातून छपाई आणि पाठवणी. दुसऱ्या प्रकाशकानं काढलं आणि १० टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) दिलं तर प्रतीमागे १५ रुपये. पाचशेच्या पाचशे प्रती संपल्या तर ७,५०० रुपये. दोन-तीन वर्षांची कविता, आणि हाती आलेली ही रक्कम. हा आकडा आधीच माहीत असला की पुढे जे होतं त्याचा धक्का कमी बसतो.

विक्रीसाठी नागपूरकरांकडे एक खास जागा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकानं लागतात, तिथे लांब लांबच्या गावांहून आलेला वाचक उभ्या उभ्या दोन कविता वाचतो, मग पुस्तक उलटून किंमत पाहतो आणि घेतो. तिथे जाड पुस्तकापेक्षा स्वस्त, बारीक पुस्तिका जास्त जातात. सुटे पैसे भरपूर ठेवायचे, प्लास्टिक सोबत ठेवायचं, कारण ऑक्टोबरातही पाऊस येतो. कवितेला वाचक नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे दिवसभर थांबावं.

आता यशाकडे येते. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर एकच कविता म्हणायला मिळते, काही मिनिटं. कुणीतरी ती मोबाइलवर टिपतं, एक मिनिटाचा तुकडा फिरू लागतो, आणि आठवडाभरात फोन थांबत नाही. पहिल्या दोन दिवसांत करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मूळ ध्वनिचित्रफीत तारखेसह जपून ठेवायची. आपल्या खात्यावर स्वतःची प्रत टाकायची आणि नाव खालच्या ओळीत न लिहिता चित्रावरच कोरायचं, कारण पुढे पाठवताना खालचा मजकूर गळतो. तसंच होतं: तिसऱ्या दिवशी कविता निनावी फिरते, पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणा नामवंताच्या नावावर. ज्यांनी नाव काढून कविता टाकली त्यांना आधी साधा निरोप पाठवावा, ‘ही कविता माझी आहे, नाव जोडाल का?’ बहुतेक लोक जोडतात. जो त्यातून पैसे कमावतो आहे त्याच्याबाबतच पुढची पायरी: स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, आणि त्या मंचावरची हक्कभंगाची तक्रार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ कवीला स्वतःचं नाव लागण्याचा आणि कवितेची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्याला अडवण्याचा अधिकार देतं. हक्क विकले तरी हा अधिकार कवीकडेच राहतो. कविता लिहिली त्या क्षणी कॉपीराइट मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असल्यास एका साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. प्रत्येक कवितेची नोंदणी करत बसू नये. जी गाण्यात किंवा जाहिरातीत जाण्याची शक्यता आहे, तिची करावी.

फोन तीन प्रकारचे येतात. कार्यक्रमाचे, जाहिरातीचे आणि गाण्याचे.

कार्यक्रमाचं उत्तर लगेच द्यायचं नाही. मानधन, प्रवास, मुक्काम आणि चित्रीकरण होणार का, या चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायच्या. गोंदिया, चंद्रपूर, अकोला ही रात्री परतायची गावं वाटतात, पण कार्यक्रम उशिरा संपतो आणि दुसऱ्या दिवसाचं काम बुडतं; तो दिवसही मानधनात धरायचा. शाल-श्रीफळावर कुठे जायचं आणि कुठे नाही, याची यादी आपणच करून ठेवावी. वर्गणीवर चालणारं वाचनालय, शाळा, कामगार वस्तीतली जयंती, इथे मी मानधन विचारत नाही. मोठे मंडप, मोठे प्रायोजक, आणि कवीला मात्र ‘व्यासपीठ देतोय’ म्हणणारे, तिथे आधी रक्कम.

जाहिरातीचा फोन बहुधा घरबांधणीवाल्यांचा. वर्धा रोड, बेसा, मनीषनगर या बाजूला जिकडेतिकडे घरकुलांच्या योजना आहेत आणि फलकावर ‘घर’ या शब्दाला भाव आहे. त्यांचं म्हणणं एकच असतं, “ताई, दोनच ओळी त आहे. एवढे पैसे काहून?” याचं उत्तर न चिडता द्यायचं. किंमत ओळींची नसते. ओळ कुठे लागणार, किती दिवस, किती शहरांत, आणि त्या काळात दुसऱ्या बांधकामवाल्यासाठी लिहायची मनाई आहे का, यावर ती ठरते. फक्त फलक, तीन महिने, नागपूर ही एक रक्कम. फलक, रेडिओ आणि समाजमाध्यमं, वर्षभर, राज्यभर ही दुसरी, आणि ती पहिलीच्या कित्येक पट असायला हवी. नवीन ओळी लिहून द्यायला माझी हरकत नाही. तो कष्टाचा पैसा आहे. संग्रहातली कविता मात्र द्यायची नाही. एकदा ती ओळ फ्लॅटच्या फलकावर चढली की वाचकाला संग्रहातही फ्लॅटच दिसतो, आणि हे नंतर कुठल्याही पैशानं पुसता येत नाही. फार मोह होतो. घरभाडं थकलेलं असताना तर होतोच. म्हणून हा निर्णय फोन येण्याआधी, शांतपणे घेऊन ठेवलेला बरा.

गाण्याच्या करारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि प्रत्येकानं घालवावा असं कळकळीनं वाटतं. करार इंग्रजीत येतो, दहा-बारा पानांचा, आणि सोबत निरोप, ‘उद्या रेकॉर्डिंग आहे, आज रात्री सही करून पाठवा.’ घाई हीच धोक्याची खूण. रेकॉर्डिंग खरंच उद्या असेल तर दोन ओळींचं पत्र द्यावं: चाचणी रेकॉर्डिंगला परवानगी आहे, प्रसिद्ध करायला नाही, करार नंतर. आणि आठ दिवस मागून वकिलाकडून वाचून घ्यावा.

मधल्या कुठल्यातरी पानावर एक लांबलचक वाक्य असतं: सर्व हक्क, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, कायमचे. कायद्याची बाजू अशी आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लिखित आणि सहीनिशीच हवेत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्यानं एक वर्षात तो हक्क वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं म्हटलं असेल तर नाही. आणि नेमकं तेच वेगळं म्हटलेलं असतं. म्हणून ‘कायमचे’ खोडून मुदत घालायची, आणि ठरलेल्या काळात गाणं आलं नाही तर हक्क परत, हे वाक्य जोडायचं. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराला मोठं संरक्षण दिलं आहे: चित्रपटातल्या किंवा स्वतंत्र ध्वनिमुद्रणातल्या गीताच्या पुढच्या वापराचं स्वामित्वधन हक्क घेणाऱ्याबरोबर समान वाट्यानं मिळण्याचा अधिकार कवीला सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं, तेवढा वापर यात येत नाही. करारात ‘सोडून दिला’ असं छापलेलं असलं तरी ते टिकत नाही, पण ते छापलेलं असू नये यासाठी भांडावं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. ‘सर्व साहित्यिक हक्क’ देऊन टाकले की त्यात पुस्तकात छापण्याचा हक्कही जातो. मग आपल्याच संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत आपलीच कविता घ्यायला परवानगी मागावी लागते. करारात एक ओळ हवी: पुस्तक, मासिक, अनुवाद आणि कवीचं स्वतःचं वाचन हे हक्क कवीकडे राहतील. ही ओळ मागितली तर समोरचा सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याला गाणं हवं असतं.

बाकीच्या अटी झटपट सांगते. अर्धे पैसे सहीच्या वेळी, अर्धे मजकूर दिल्यावर. ‘प्रदर्शनानंतर’ हा शब्द नको, कारण गाणी वर्षानुवर्षं पडून राहतात. चालीसाठी शब्द बदलायचे असतील तर आपल्याला विचारून. नाव कसं आणि कुठे लागेल ते, शुद्धलेखनासह. गाणं आल्यावर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्यायचं. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांसाठी स्वामित्वधन गोळा करते. नुसतं सदस्य होऊन भागत नाही. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, कुणाचा वाटा किती ते लिहून. संगीतकारानं नोंदवताना गीतकाराचा रकाना मोकळा सोडला तर पैसे अडकून राहतात. म्हणून आपण स्वतः जाऊन पाहायचं.

पैसे आले की बहुधा १० टक्के कर कापूनच येतात. तो आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात आपल्या पॅनवर दिसतो का ते तपासायचं, नाहीतर परत मिळत नाही. वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. कवींची इथे हमखास फजिती होते, कारण मार्चमध्ये पैसे संपलेले असतात. पुस्तकाच्या स्वामित्वधनावर १९६१ च्या आयकर कायद्यात तीन लाखांपर्यंत वजावट होती, पण फक्त जुन्या करपद्धतीत. गाण्या-जाहिरातींच्या पैशांना ती लागू नव्हती. सल्लागाराला दोन्ही उत्पन्नं वेगवेगळी दाखवायची.

घरात मात्र प्रश्न एकच असतो, किती मिळाले? आणि लगेच दुसरा, आता गाडी घेणार का? नातेवाईक वाईट हेतूनं विचारत नाहीत. इतकी वर्षं कविता म्हणजे बिनपैशाचं काम हे त्यांनी पाहिलेलं असतं. एक पद्धत कामी आली ती अशी. आलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा करासाठी वेगळ्या खात्यात. उरलेल्याला घराच्या महिन्याच्या खर्चानं भागायचं आणि उत्तर महिन्यांत सांगायचं: साडेसात महिने आले. हप्त्यावर काही घेतलं की त्या महिन्यांतले किती जातात तेही लगेच दिसतं. गाण्याचे पैसे पगारासारखे दरमहा येत नाहीत, तेव्हा त्यांच्या भरवशावर पाच-सात वर्षांचा हप्ता बांधून घेणं धोक्याचं. नागपूरच्या ग्रेस यांनी प्राध्यापकी सांभाळून कविता लिहिली. नोकरी सोडायची घाई पहिल्या गाण्यावर करू नये.

सगळ्यात उशिरा लक्षात येतं ते कवितेत होणारं नुकसान. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात किंवा शंकरनगरला, कुठेही गेलं तरी लोक तीच कविता मागतात. टाळ्या कुठल्या ओळीला पडतात हे कानाला कळतं आणि नवीन कविता आपोआप तशी होऊ लागते: ओळी आखूड, शब्द मोठ्या आवाजाचे, शेवटी टाळीची जागा. गझल स्वतः गाऊन लोकांपर्यंत नेणाऱ्या सुरेश भटांची गझल कागदावरही तितकीच उभी राहते. परीक्षा तीच घ्यायची. कविता लिहून झाल्यावर मोठ्यानं म्हणायची नाही. कागदावर घेऊन, ओठ न हलवता वाचायची. आवाज काढून घेतल्यावर ती कोसळली तर ती माइकसाठी लिहिलेली आहे. तशा कविता मी वेगळ्या फाइलीत ठेवते, कार्यक्रमात म्हणते, संग्रहात घेत नाही. महिन्यात दोनच कार्यक्रम, सकाळी नऊपर्यंत फोन बंद, आणि लिहिलेली कविता सहा महिने कुणाला दाखवायची नाही, एवढे तीन नियम पाळले की लिहायला जागा राहते. तिसरा नियम सगळ्यात अवघड आहे, कारण टाकली की तासाभरात हजार लोक वाचतील हे माहीत असतं.

प्रकाशक दुसरा संग्रह लगेच मागतात. गाणं ताजं आहे तोवर, दिवाळीच्या आत. माझ्या फाइलीत सध्या ३८ कविता आहेत. पाच फॉर्मसाठी आणखी वीस तरी लागतील. ‘पुढच्या दिवाळीनंतर बोलू’ असं कळवलं आहे, आणि सोबत विचारलं आहे की बांधणी शिलाईची असेल का.